टमी टकसाठी वजन किती असावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. दोन्ही बाळंतपणे सिझरने झाली असून धाकटे मूल आता ५ वर्षांचे आहे. बेंबीखालचे पोट लोंबते, उन्हाळ्यात घडीखाली खाज सुटते आणि अजूनही लोक ‘कितवा महिना?’ असे विचारतात. पोट सपाट करणाऱ्या टमी टक शस्त्रक्रियेसाठी चौकशी केल्यावर एका दवाखान्यात तुम्हाला ‘याच वजनावर पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करू, सात-आठ किलो लगेच कमी होतील’ असे सांगितले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी ‘आधी ६० किलो व्हा, मगच या’ असे सांगून परत पाठवले गेले. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे तुम्ही विचारता. पंचवीसहून अधिक वर्षे प्लास्टिक सर्जरी करताना या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या स्त्री-पुरुषांना मी तपासत आले आहे, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की हे दोन्ही सल्ले अपुरे आहेत. दोघांनीही फक्त वजनकाटा पाहिला. तुम्हाला तपासणीच्या टेबलावर उताणे झोपवून पोट हाताने तपासले असते, तर दोघांचीही उत्तरे वेगळी आली असती.

टमी टक, म्हणजेच अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, ही वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया नाही, हे वाक्य तुम्ही बहुधा ऐकले असेल. तिच्यात नेमके काय केले जाते हे समजले, की वजनाचा मुद्दाही समजायला सोपा जातो. ओटीपोटावर, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद घेतला जातो. तेथून कातडी आणि तिच्याखालची चरबी स्नायूंवरून सुटी करत बरगड्यांच्या कडेपर्यंत नेली जाते. बेंबी मात्र तिच्या देठासकट जागेवरच ठेवली जाते. गरोदरपणात ताणून एकमेकांपासून दूर गेलेले पोटाचे दोन उभे स्नायू त्यांच्या आवरणाला पक्के टाके घालून मधल्या रेषेत जवळ आणले जातात, सुटी केलेली कातडी खाली ओढून तिचा जास्तीचा भाग कापला जातो, आणि बेंबीसाठी वरून आलेल्या कातडीत नवे छिद्र करून ती तेथे शिवली जाते. सिझरचा जुना व्रण बहुतेक वेळा कापलेल्या भागाबरोबर निघून जातो, पण त्याच्या जागी येणारा व्रण त्याहून बराच लांब असतो. कापून काढलेल्या कातडी-चरबीचे वजन साधारणपणे १ ते ३ किलो भरते. सात-आठ किलो लगेच घटतील असे आश्वासन ज्यांनी दिले, त्यांनी तुमची दिशाभूल केली, असे मला खेदाने म्हणावे लागते.

पोटाची चरबी दोन ठिकाणी साठते. एक थर कातडीच्या लगेच खाली, स्नायूंच्या बाहेर असतो. तो चिमटीत येतो आणि तोच लोंबतो. दुसरी चरबी स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती आणि त्यांच्यावर पसरलेल्या पडद्यात असते. ती हाताला लागत नाही, पण आतून दाब देऊन सगळे पोट पुढे ढकलते. टमी टकमध्ये आम्ही केवळ बाहेरच्या थराला हात लावतो. आतली चरबी कोणताही शल्यचिकित्सक कापून काढत नाही आणि चरबी शोषून काढणारी लायपोसक्शनची नळीही तेथपर्यंत नेता येत नाही. ती कमी होते ती आहार, व्यायाम, औषधे किंवा बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्यासाठी जठरावर केल्या जाणाऱ्या) शस्त्रक्रियेने एकूण वजन उतरल्यावरच, आणि दिलासा देणारी गोष्ट अशी की वजन उतरू लागले की बहुतेकांमध्ये ही आतली चरबी आधी हलते.

म्हणून माझ्याकडे रुग्ण आला की मी त्याला आधी उभे करून बाजूने पाहते आणि मग उताणे झोपवून गुडघे थोडे दुमडायला सांगते. उभे असताना पुढे आलेले पोट झोपल्यावर दोन्ही कुशींकडे ओघळले, मध्ये उथळ खळगा पडला आणि बरगड्यांच्या कडा व कमरेची हाडे पोटापेक्षा वर दिसू लागली, तर जास्तीचा माल बाहेरचा आहे असे मी समजते. झोपल्यावरही पोट बरगड्यांच्या पातळीच्या वर घुमटासारखे राहिले, वरून दाबल्यावर टणक लागले आणि चिमटीत जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीची घडी आली, तर चरबी आत आहे. त्यानंतर मी बेंबीच्या वर तीन बोटे आडवी ठेवते आणि रुग्णाला उशीवरून फक्त डोके उचलायला सांगते. दोन्ही स्नायू ताठ होतात आणि त्यांच्यामधल्या फटीत माझी बोटे आत जातात. कधी दोन, कधी तीन, आणि जुळ्यांच्या आईमध्ये कधी चारही. त्याच वेळी बेंबीपाशी लहानसा फुगा वर आला तर तेथे हर्निया आहे. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि तिच्यातून जे कळते ते कोणत्याही काट्यावर दिसत नाही.

आता बीएमआयविषयी. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. तुमचा आकडा ७८ भागिले २.४, म्हणजे सुमारे ३२.५ येतो. जागतिक मोजपट्टीनुसार २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी या रेषा खाली आणून अनुक्रमे २३ आणि २५ वर ठेवल्या गेल्या आहेत, आणि त्यामागे ठोस कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाले. दिसायला सडपातळ भारतीय माणसाच्या शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि ती चरबी पोटात साठण्याची आपली प्रवृत्ती असते. युरोप-अमेरिकेतील शल्यचिकित्सक ३० बीएमआयपर्यंतच्या रुग्णाला जितक्या निश्चिंतपणे टेबलावर घेतात, तितक्या निश्चिंतपणे मी घेत नाही. स्त्रियांमध्ये कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढू लागतो, असे आपल्याकडच्या लोकांसाठी मानले जाते. म्हणून मी वजनाबरोबर टेपने कमरही मोजते आणि दर भेटीत त्याची नोंद ठेवते.

आकडा आणि तपासणी यांत किती अंतर पडू शकते याची दोन उदाहरणे देते. ओळख पटू नये म्हणून बारकावे बदलले आहेत. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आले होते, त्यांचा बीएमआय जेमतेम २६ होता. हात-पाय बारीक, पण पोट पुढे आलेले आणि टणक. झोपल्यावरही ते खाली गेले नाही. त्यांना मी स्पष्ट नकार दिला, कारण कातडी सैल नव्हती, स्नायूंत फट नव्हती आणि काढण्याजोगे बाहेर काहीच नव्हते. त्याच महिन्यात एक शिक्षिका आल्या. त्यांची दोन वर्षांपूर्वी बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झाली होती, वजन ४० किलोंहून अधिक उतरले होते आणि ते गेले आठ महिने एका जागी स्थिर होते. त्यांचा बीएमआय ३०.५ होता, पण पोटावरची रिकामी कातडी मांड्यांवर उतरली होती आणि झोपल्यावर पोट पूर्ण सपाट होत होते. त्यांची शस्त्रक्रिया मी केली आणि जखम व्यवस्थित भरली. फक्त आकड्यावर निर्णय घेतला असता, तर मी त्या गृहस्थांना होकार आणि या बाईंना नकार दिला असता.

म्हणून वजनाला महत्त्व नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. वजन जास्त असताना ही शस्त्रक्रिया केली की शरीरात काय घडते, ते मी थोडे विस्ताराने सांगते, कारण रुग्णांना ‘धोका वाढतो’ एवढेच सांगितले जाते आणि कसा वाढतो हे कोणी सांगत नाही.

पहिला प्रश्न दाबाचा आहे. पोटात आतली चरबी भरपूर असताना स्नायू ओढून जवळ आणले, तर आतल्या जिनसांना जागा कमी पडते. मग त्या वर सरकून छातीच्या पडद्याला ढकलतात आणि फुप्फुसांना पूर्ण फुगायला अडचण होते. शस्त्रक्रिया चालू असताना मी मधल्या रेषेतले टाके आवळत असते तेव्हा भूलतज्ज्ञांची नजर श्वासयंत्रावरच्या दाबाच्या आकड्यावर असते. तो चढू लागला की ते मला थांबवतात आणि मी टाका सैल करते. भूल उतरल्यावर घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णाला याचा त्रास अधिक होतो. पोटातला हाच दाब पायांकडून हृदयाकडे परतणाऱ्या रक्तालाही अडवतो. पोटऱ्यांच्या शिरांत रक्त रेंगाळते, त्यात गुठळी होते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये अशा गुठळ्यांचा धोका ज्यांत सर्वाधिक असतो, त्यांत टमी टकची गणना होते, आणि वजन वाढते तसा तो धोका वाढतो. शिवाय ज्या पोटात आतून जोर आहे, तेथे आवळलेले टाके टिकत नाहीत. काही महिन्यांत पोट पुन्हा पुढे येते आणि रुग्णाला वाटते की पैसे पाण्यात गेले.

दुसरा प्रश्न रक्तपुरवठ्याचा आहे. पोटाच्या मधल्या कातडीला रक्त मुख्यतः स्नायूंतून वर येणाऱ्या बारीक वाहिन्यांनी मिळते. कातडी स्नायूंवरून सुटी करताना त्या वाहिन्या कापल्या जातात आणि मग ती संपूर्ण कातडी कुशींकडून, बरगड्यांच्या मधून येणाऱ्या वाहिन्यांवर जगते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक ह्यूगर यांनी १९७९ साली या रक्तपुरवठ्याचे जे विभाग मांडले, ते आजही आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. चरबीच्या थराला मुळातच रक्त कमी मिळते. थर जितका जाड, तितके वरच्या कातडीच्या वाट्याला येणारे रक्त कमी, आणि कडा जुळवताना पडणारा ताण जास्त. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात ताणलेली जागा म्हणजे व्रणाच्या मधोमध, ओटीपोटाच्या खालची. कातडी मरणार असेल तर बहुधा तेथूनच सुरुवात होते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग मी विसरलेले नाही. घरातले लग्न दीड महिन्यावर आले होते आणि रुग्ण फार आग्रह करत होत्या. बीएमआय ३४ च्या आसपास होता. मी नाही म्हणायला हवे होते. मी हो म्हटले. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा मधोमध तीन बोटे रुंदीची जागा निळसर-जांभळी दिसली. दोन दिवसांत ती काळी पडली आणि दहाव्या दिवशी मृत कातडी काढल्यावर खाली पिवळट चरबीचा खड्डा उघडा झाला. जखम भरायला अडीच महिने लागले, लग्नाच्या दिवशी त्या पट्टी बांधून आणि साडीवर दुमडलेली शाल धरून बसल्या होत्या. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, पण त्यानंतर तारीख ठरवून आलेल्या कोणत्याही रुग्णाला मी तपासणीच्या दिवशी शस्त्रक्रियेचा दिवस देत नाही.

याखेरीज कातडीखाली पाणी साठणे, जंतुसंसर्ग होणे आणि टाके उसवणे या तक्रारी जास्त वजनाच्या रुग्णांत अधिक दिसतात. त्या जिवावर बेतणाऱ्या नसतात, परंतु सुईने पाणी काढण्यासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात येणे लहान मुले असलेल्या घरात सोपे नसते.

माझा स्वतःचा नियम असा आहे: बीएमआय २७-२८ च्या आत असेल आणि तपासणी अनुकूल असेल, तर मी मोकळ्या मनाने पुढे जाते. २८ ते ३२ च्या दरम्यान चरबी कुठे आहे, वजन स्थिर आहे का आणि इतर आजार कोणते आहेत हे पाहून निर्णय घेते. ३२ च्या पुढे बहुतेकांना थांबायला सांगते, आणि ३५ च्या पुढे केवळ रूपासाठी ही शस्त्रक्रिया करत नाही. अपवाद एकच: लोंबणाऱ्या कातडीखाली वारंवार बुरशी होत असेल, कातडी फाटून जखमा होत असतील किंवा तिच्या वजनाने चालणे अवघड झाले असेल, तर स्नायू न आवळता आणि वरची कातडी फारशी सुटी न करता केवळ लोंबणारा भाग काढता येतो. त्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. तो आराम मिळवून देणारा उपचार आहे, त्याने कंबर सुबक होत नाही, आणि जखमेच्या तक्रारी त्यातही होतात. इतर अनुभवी सहकाऱ्यांच्या रेषा माझ्याहून दोन-तीन आकडे इकडे-तिकडे असू शकतात.

वजन किती आहे याइतकेच ते किती काळ तेथे टिकले आहे हेही मी विचारते. निदान सहा महिने ते दोन-तीन किलोंच्या आत राहिलेले असावे, असा माझा आग्रह असतो. शस्त्रक्रियेनंतर दहा किलो उतरले तर ताणून बसवलेली कातडी पुन्हा सैल पडते आणि दहा किलो चढले तर आतली चरबी पुन्हा दाब देते. दोन्हींत केलेले काम वाया जाते. लग्नसराईपूर्वी दोन महिने केवळ काकडी आणि ताकावर राहून आठ किलो उतरवून आलेल्या रुग्णाला मी आणखी लांब थांबवते, कारण अशा घाईत चरबीबरोबर स्नायू आणि शरीरातली प्रथिनेही घटतात आणि जखम भरायला लागतात ती नेमकी प्रथिने. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस हे समीकरण घराघरांत आहे. त्यातून पिष्ट आणि तेल भरपूर मिळते, प्रथिने फार थोडी. वजन उतरवण्याच्या काळात उपवास करायचाच असेल तर त्या दिवशी दूध, दही, पनीर आणि शेंगदाणे यांचा विचार करावा, आणि इतर दिवशी डाळ, मोड आलेली कडधान्ये, अंडी किंवा मासे प्रत्येक जेवणात असावेत.

अलीकडे सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइडच्या इंजेक्शनांनी वजन उतरवून येणारे रुग्ण वाढले आहेत. वजनासाठीची ही औषधे २०२५ पासून आपल्या देशात सहज मिळू लागली. ती योग्य रुग्णात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी आहेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या औषधांनी जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे रात्रभर उपाशी असलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न असू शकते आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून औषध घेत असल्याचे भूलतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे, आणि शेवटचा डोस कधी घ्यायचा हे त्यांनीच ठरवायचे असते. दुसरे असे की औषध थांबवल्यावर वजन परत येण्याची शक्यता मोठी असते. औषध चालू असतानाचे वजन आणि पुढे टिकणारे वजन यांचा नीट अंदाज आल्याशिवाय मी कातडी कापत नाही. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांना साधारण १२ ते १८ महिने थांबावे लागते, आणि त्यांच्यात लोह, बी-१२ आणि प्रथिने तपासणे अपरिहार्य असते.

वजन जुळले म्हणजे माणूस शस्त्रक्रियेस पात्र झाला, असेही नाही. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे नुसता ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारून सुटत नाही. मी स्त्रियांना मिश्री लावता का, हे स्वतंत्रपणे विचारते, कारण मिश्रीला पुष्कळजणी तंबाखू मानतच नाहीत. ते दात घासायचे असते, असे त्या प्रामाणिकपणे सांगतात. निकोटिन धुरातून जावो, हिरडीतून जावो, रक्तवाहिन्या आवळतेच, आणि वर सांगितलेली मधली कातडी मग हमखास धोक्यात येते. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, ही माझी अट आहे आणि तिच्यात मी सूट देत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ७ च्या आसपास आलेली असावी. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवून घ्यावे. अंगावर जास्त जाणाऱ्या पाळीमुळे अनेक स्त्रियांत ते कमीच असते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्या साधारण महिनाभर आधी थांबवाव्या लागतात. घरी पूजा किंवा लग्नकार्य आहे म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात, त्यांचाही उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा, कारण गुठळीचा धोका त्यांनीही वाढतो आणि रुग्ण त्यांना औषध म्हणून मोजत नाहीत. पुढे मूल हवे असेल तर ही शस्त्रक्रिया त्यानंतरच करावी. पित्ताशयाची जुनी मोठी शस्त्रक्रिया होऊन उजव्या बरगडीखाली तिरका व्रण असेल, तर त्या बाजूचा रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो आणि सगळा आराखडा बदलावा लागतो.

आता तुमच्याविषयी, अर्थात प्रत्यक्ष तपासल्याशिवाय जेवढे सांगता येते तेवढेच. ७८ किलो वजनावर, ३२.५ बीएमआय असताना, मी तुमची शस्त्रक्रिया करणार नाही. पण ६० किलो होईपर्यंत तुम्हाला ताटकळत ठेवण्याचेही मला कारण दिसत नाही. दोन सिझर झालेल्या, सैल कातडी आणि बहुधा दुरावलेले स्नायू असलेल्या स्त्रीला ६० किलोची अट घातली, की ती वर्षभर झटून ६८ वर येऊन थांबते, हताश होते आणि मग उरलेले वजनही टिकवत नाही. हे मी अनेकदा पाहिले आहे. पहिला टप्पा ७० किलोंचा धरा. म्हणजे आठ किलो उतरवायचे. हे तुमच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के आहे, तेवढ्याने बीएमआय २९ च्या जवळ येतो, आणि साखर व रक्तदाब यांत फरक पडू लागतो. आठवड्याला अर्धा किलो या गतीने त्याला चार महिने लागतील. तेथे पोहोचल्यावर पोट पुन्हा झोपून तपासून घ्या. आतला दाब गेला असेल आणि बाहेरची कातडी सैल राहिली असेल, तर त्या वजनावर सहा महिने स्थिर राहून पुढे जाता येईल. घुमट अजून उरला असेल तर ६६ किलो, म्हणजे बीएमआय २७.५, हा दुसरा टप्पा धरावा. थायरॉइड, साखर आणि पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित संप्रेरकांचा विकार) यांची तपासणी मात्र आजच करून घ्या, कारण त्यांतले काही सापडले तर त्यावरच्या उपचाराशिवाय वजन उतरणे अवघड जाऊ शकते.

मधल्या काळात पोटाचे व्यायाम कोणते करायचे, हे फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. स्नायू दुरावलेले असताना झोपून धड उचलण्याचे व्यायाम जोरात केले तर मधली रेष फुगून बाहेर येते. श्वास सोडत पोट आत घेण्याचे आणि खोल स्नायूंना कामाला लावणारे व्यायाम त्यापेक्षा हिताचे. काहींमध्ये फट इतकी कमी होते की पुढे स्नायू आवळण्याची गरजच उरत नाही. घडीखालच्या खाजेसाठी ती जागा धुऊन पूर्ण कोरडी करा, सुती पातळ कापडाची पट्टी घडीत ठेवा आणि बुरशीवरचे मलम त्वचारोगतज्ज्ञांकडून घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावू नका, त्यांनी खाज चार दिवस थांबते आणि नंतर चौपट पसरते.

खर्चाविषयी एवढेच सांगते की सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सर्वसाधारणपणे वगळलेल्या असतात. हर्निया असल्यास त्या दुरुस्तीपुरता दावा करता येतो का, हे विमा कंपनीला आधी लेखी विचारावे. टमी टकची बिले हर्नियाच्या नावाने करून देतो असे कोणी सुचवले तर तेथून उठावे. शल्यचिकित्सकांकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आहे का, रुग्णालयात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभागाची सोय आहे का, आणि गुठळी होऊ नये म्हणून काय केले जाते, हे तुम्ही विचारलेच पाहिजे, आणि विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

नंतरच्या सहा आठवड्यांची तयारीही आधीच करावी लागते. पहिला आठवडा कमरेत वाकून चालावे लागते, पाणी बाहेर काढणारी नळी दिवसाचा निचरा ३० मिलिलिटरच्या खाली येईपर्यंत ठेवावी लागते, पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे बांधावा लागतो, आणि तेवढा काळ भरलेली बादली, गॅसचा सिलिंडर किंवा पाच वर्षांचे मूल यांपैकी काहीही उचलता येत नाही. मुलाच्या शाळेचे वेळापत्रक आणि घरात हाताशी कोण असेल हे पाहूनच महिना निवडावा.

शस्त्रक्रिया ठरली तर त्या दिवशी सकाळी व्रणाची रेषा रुग्णाला उभे करून आखली जाते. झोपवल्यावर कातडी सरकते आणि रेषा चुकते. त्यासाठी मी रुग्णांना रोजच्या वापरातला परकर किंवा सलवार घालून यायला सांगते, नाडी नेहमी बांधतात त्याच जागी बांधायला लावते आणि तिच्या वळाची जागा पेनाने टिपून घेते. व्रण त्या वळाच्या पुरेसा खाली जाईल असे पाहावे लागते, नाहीतर नाडी पुढे कितीतरी महिने कोवळ्या व्रणावरच घासत राहते. तुम्ही ज्यांच्याकडे जाल त्यांनी हे स्वतःहून विचारले नाही, तर तुम्ही सांगा.